काळ्या चोळीची चंद्रकळा

एकोणीसशे तीस सालचा श्रावण लागला आणि वीरभद्रप्पा मास्तरांचा ओटा ओस पडला.

एरवी सकाळची भाकरी पोटात गेली की भवानी पेठेतल्या त्या बोळातली पोरं आपसूक मास्तरांच्या ओट्याकडे वळायची. मास्तरांना शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती, पण शिकवायची सवय काही सुटली नव्हती. समोर येईल ते ते शिकवत. भिंतीवरची मुंग्यांची रांग, रहाटाची माळ, कौलावरून सरकत जाणारी सावली. पोरांना वाटायचं आपण खेळतोय, आणि मास्तरांनाही त्यापेक्षा काही वेगळं वाटत नसे.

आता मात्र एक पोर फिरकत नव्हतं. सगळी समोरच्या काशम्माच्या अंगणात होती. कुणाच्या हातात ओलं फडकं, कुणाच्या हातात केरसुणी. तिथून सारखा गलका ऐकू यायचा.

"धर, धर! गेली बघ!"

"माझी हाय ती! मी आदी बघितली!"

"काशव्वा, ही घ्या आनिक एक. द्या फुटाणे!"

मास्तर ओट्यावर बसून ऐकत राहिले. फुटाण्यांपुढे मुंग्यांची रांग कशी टिकणार, असं त्यांच्या मनात आलं आणि ते स्वतःशीच हसले. पण अंगणात काय चाललं आहे ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते हसू फार वेळ राहिलं नाही.

काशम्मा ही विधवा बाई. दिवसभर रहाटावर बसून हातमागवाल्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. तिला एकुलता एक मुलगा, शिवयोगी. गिरणीत कामाला. लहानपणी मोठा ताप आला, त्यात त्याचा डावा पाय बारीक झाला. चालताना तो पाय ओढायचा, आणि ओढताना चपलेचा एक ठरावीक आवाज व्हायचा. त्या उन्हाळ्यात शहरात मार्शल लॉ होता. पांढरी टोपी डोक्यावर दिसली की माणूस संशयात. एका संध्याकाळी पांढऱ्या टोप्यांची काही पोरं घोषणा देत बोळातून गेली. मागून शिट्ट्या वाजल्या तशी ती पळाली. शिवयोगी कामावरून घरी येत होता. त्याच्याही डोक्यावर पांढरी टोपी होती, मामेबहिणीच्या लग्नात मिळालेली. पळणारे गल्ल्याबोळांतून नाहीसे झाले. याला पळता आलं नाही. याला धरून नेलं, आणि तो तुरुंगात गेला तो अजून आला नव्हता.

मार्शल लॉ उठला. टोप्या पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या. बोळाच्या तोंडाशी पांढरी टोपी दिसली की काशम्मा रहाट टाकून धावत दारात यायची. टोपी जवळ आली की परत आत जायची. मास्तर ओट्यावरून हे रोज बघत आणि रोज दुसरीकडे नजर वळवत.

श्रावण लागताना तिनं नेम धरला. महिनाभर रोज सकाळी सिद्धेश्वराला परडीभर बेल वाहायचा. तोही आपल्याच दारच्या झाडाचा, उसना किंवा विकतचा नव्हे. देवा, महिना पुरा करून घे आणि माझ्या पोराला माघारी आण. झाड तिच्या सासऱ्यानं लावलेलं, भरगच्च. महिना सहज निघाला असता. पण बेलाचं पान वाहायचं तर तीन दळांचं, अखंड हवं. किडीनं खाल्लेलं, भोक पडलेलं चालत नाही. आणि यंदा नेमकी कोवळी पालवी कोणीतरी कुरतडून टाकत होतं. रोज सकाळी परडी भरायला आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागत होता.

मग एके दिवशी काशम्माला एक फुलपाखरू त्या पालवीवर बसलेलं दिसलं. मोठं, काळं, मागच्या पंखांना शेपट्या, मधे पांढरा डाग आणि कडेनं लाल ठिपके. काळ्या लुगड्याला लाल काठ असावा तसं. पोरं त्याला चंद्रकळा म्हणत. काशम्मानं पोरांना बोलावलं आणि सांगितलं, चंद्रकळा आणा, फुटाणे न्या.

मास्तर काठी टेकत उठले आणि अंगणात गेले. जोत्यावर एक सूप ठेवलं होतं. सुपात चंद्रकळांचा ढीग. कुणाचे पंख फाटलेले, कुणाच्या शेपट्या तुटलेल्या. मास्तर वाकून बघू लागले. दोन-चार त्यांनी बोटानं उलट्या केल्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काशम्मा," ते हळूच म्हणाले, "ह्या सगळ्या एकाच जातीच्या दिसतात. आणि ही जात बेल खात नाही."

काशम्मा बेलाखाली उभी राहून पानं पारखत होती. तिनं वळूनही बघितलं नाही.

"मी माज्या डोळ्यांनी बघितलीया, मास्तर. हितं, ह्या फांदीवर बसली व्हती."

"दुसरी असेल. तशीच दिसणारी."

आता ती वळली. "तुमचा जीव फुलपाखरात, मास्तर. माझा पोरात हाय. परडी रिकामी ऱ्हायली तर मी देवाला काय सांगू, तशीच दिसनारी व्हती म्हून?"

अशा वेळी उत्तर सुचलं तरी देऊ नये, हे मास्तरांना वयानं शिकवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "हे सूप मला द्याल? मेलेल्याच आहेत. पोरांना दाखवीन म्हणतो."

"न्या की. चुलीतच घालनार व्हते."

सूप ओट्यावर आलं आणि सुपामागून पोरंही आली. सगळ्यांत पुढे नीलम्मा. दहा वर्षांची, सडसडीत, बोळातली सगळ्यांत चपळ पोर. सुपातल्या निम्म्या चंद्रकळा तिच्या एकटीच्या. तिच्या पाठोपाठ येडू, तोंडात फुटाणे आणि जिभेवर कायम काहीतरी खोडी. येडूचा धाकटा भाऊ शिवपुत्र त्याच्या सदऱ्याचं टोक धरून.

"ह्यांतल्या सारख्या सारख्या वेगळ्या काढा बघू," मास्तर म्हणाले.

पोरं कामाला लागली. पंख ताणून बघितले, शेपट्या मोजल्या, पांढरे डाग एकाशेजारी एक धरले. बराच वेळ गेला. मास्तर काही बोलले नाहीत. पोर चुकत असताना गप्प बसणं हे शिकवण्यातलं सगळ्यांत अवघड काम, असं ते नेहमी म्हणायचे.

"समद्या सारख्याच हायती की," येडू शेवटी कंटाळून म्हणाला. "लुगडं एकच."

"लुगड्यावरून माणूस ओळखता येतं का?"

"येतं की! बोळातली कुठलीबी बाई पाठमोरी दाखवा, मी नाव सांगतो." पेठेतल्या पोराला हे सांगायला विचार करावा लागत नाही. घराघरात माग, काठ-पदर ओळखतच पोरं मोठी होत. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो खिदळला. "मास्तर, ह्या नीलीला इचारा! बाजारात आई म्हून दुसरीच्याच मागं गेली व्हती ही. पार येशीपतूर!"

"गप ए!" नीलम्मा लाल झाली. "लुगडं अक्षी आईचंच व्हतं. काठबी तोच. मी काय करू?"

"मग कळलं कसं गं तुला, ही आई नाही ते?" मास्तरांनी विचारलं.

"ती वळली की. आईची चोळी हिरव्या खणाची. तिची जांभळी व्हती."

"असं होय," मास्तर म्हणाले.

नीलम्मा त्यांच्याकडे बघत राहिली. मग सुपाकडे. मग तिनं सावकाश एक चंद्रकळा उचलली आणि पालथी केली. पंख काळे होते, पण पंखांच्या मधलं अंग, डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत, कुंकवासारखं लाल होतं. तिनं दुसरी पालथी केली. तिसरी केली.

"लाल चोळी," ती म्हणाली. "समद्यांची लाल चोळी हाय, मास्तर."

"बेलावर बसली होती तिची कोणती होती?"

काशम्मानं काय किंवा पोरांनी काय, लुगडंच बघितलं होतं.

दुपारी ऊन कलल्यावर मास्तर पोरांना पेठेच्या मागच्या मोकळ्या रानात घेऊन गेले. काळी जमीन, पावसानं मऊ झालेली, आणि बांधाच्या कडेला जमिनीलगत पसरलेली गोलसर पानांची कीडामारी. येडूनं ती बघताच तोंड वाकडं केलं. पोटात जंत झाले म्हणून आईनं त्याला तिचा काढा पाजला होता.

"कशी लागते रे चव?" मास्तरांनी मुद्दाम विचारलं.

"थू! इचारूच नगा. दोन दिस जीब कडू व्हती."

"मग बस इथं. तुला आवडत नाही ते कुणाला आवडतं ते बघू."

पोरं बांधावर बसली. बसून बसून शिवपुत्राला झोप आली. मग एक चंद्रकळा आली. संथ, एखादी बाई डोक्यावर घागर घेऊन चालावी तशी. घाई नाही, भीती नाही. तारेवर बसलेल्या कोतवाल पक्ष्यानं तिच्याकडे बघितलं आणि जागचा हललाही नाही. ती कीडामारीवर उतरली, पोट वाकवून पानाच्या खालच्या बाजूला टेकवलं आणि उडून गेली. नीलम्मानं पान उलटलं. तिथं तांबूस रंगाचं बारीक अंडं होतं. शेजारच्या वेलावर जांभळट काळी, अंगभर मऊ काट्यांची एक अळी पान खात बसली होती.

"लाल चोळी," नीलम्मा कुजबुजली. "हिची पोरं हे कडू खात्यात?"

"जन्मभर. म्हणून हिचं अंगही कडू. एकदा चाखलेला पक्षी पुन्हा हिच्या वाटेला जात नाही. लांबून लुगडं बघतो आणि नको म्हणतो. म्हणून तर ही इतकी सावकाश उडते. हिला पळायची गरजच पडलेली नाही."

"आन बेलावरची?"

"ती निराळी. तिची चोळी काळी. तिचं अंग कडू नाही, पक्ष्यांना ती चालली असती. पण लुगडं मात्र हुबेहूब हिचंच. पक्षी फसतो."

"आमीबी फसलो की," येडू म्हणाला.

नीलम्मा हसली नाही. ती हातातल्या पानाकडे बघत होती. तिनं विचारलं, "मास्तर, म्हंजे मी मारल्या त्या समद्या… त्यांनी काशव्वाचं काहीच खाल्लं नव्हतं?"

मास्तरांना वाटलं, पोरीला जवळ घ्यावं आणि म्हणावं, असू दे बाळ. पण खोटा दिलासा मुलाच्या मनात खड्यासारखा राहतो.

"नाही," ते म्हणाले. "काहीच नाही."

"मग आता?"

"आता आधी बघायचं. बघून झाल्याशिवाय हात उचलायचा नाही. एवढंच आपल्या हातात आहे."

परत येताना ती सगळ्यांच्या मागून चालत होती.

दुसऱ्या दिवशी काशम्मा परडी घेऊन देवळात गेली, तेव्हा मास्तर आणि पोरं बेलाखाली येऊन बसली. हालायचं नाही, बोलायचं नाही, अशी अट होती. येडूला ती फार जड गेली. तो फुटाणे चावत होता, तर नीलम्मानं त्याला कोपर मारलं.

प्रथम आली ती लाल चोळीची. झाडावरून सावकाश घिरटी घालून पलीकडच्या फुलांवर गेली. पालवीकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. मग एक काळंकुट्ट, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असलेलं फुलपाखरू झपकन येऊन गेलं. मास्तर कुजबुजले, हा काळ्या चोळीवालीचा नवरा, ह्याला बघून ठेवा. आणि मग ती आली. तेच काळं लुगडं, तोच पांढरा डाग, तेच लाल काठ. पण हिला स्वस्थता नव्हती. या पानावर टेकली, त्या पानावर टेकली, पंख सारखे थरथरत होते. एका अगदी कोवळ्या पानाशी ती थांबली आणि पोट वाकवलं.

पंखांच्या मधलं अंग काळं होतं, वर फक्त बारीक पांढरे ठिपके. लाल काही नाही.

"काळी चोळी!" येडू ओरडला. ती भुर्रकन उडाली, बघता बघता कौलांपलीकडे. तो फडकं घेऊन धावला खरा, पण अंगणाच्या टोकाशीच थांबला.

"लई पळती ही!" तो धापा टाकत म्हणाला.

पानावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढं फिकट पिवळं अंडं होतं. आता कुठं बघायचं ते कळल्यावर एकेक सापडू लागलं. चिमणीची शीट म्हणून ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, ती पानावर बसलेली लहान अळी निघाली. मोठ्या अळ्या पानांसारख्याच हिरव्या. नीलम्मानं एकीला बोट लावलं तर तिनं डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढली आणि आंबूस वास सुटला. शिवपुत्र किंचाळला आणि मग पुन्हा पुन्हा बोट लावायला मागू लागला.

तेवढ्यात काशम्मा परत आली. रिकामी परडी कमरेवर, चेहऱ्यावर थकवा. तिच्या झाडाखाली सगळी टोळी बसलेली बघून ती दारातच थांबली.

"काय ओ मास्तर, आज शाळा हितं?"

मास्तर उठायला लागले, पण नीलम्मा आधीच उठली होती. तिच्या एका तळहातावर अंड्याचं पान होतं आणि दुसऱ्यात कालच्या सुपातली एक मेलेली चंद्रकळा.

"काशव्वा, मी चुकीच्या मारल्या," ती एका दमात म्हणाली. "ही बगा, हिची चोळी लाल हाय. ही बेल खात न्हाय. ही कीडामारी खाती, रानात. बेल खाती तिची चोळी काळी. आत्ता आली व्हती. हे तिचं अंडं. फुटाणे म्या खाल्ले, पर तुमची पानं वाचली न्हाईत."

काशम्मानं पान हातात घेतलं. अंड्याकडे बघितलं. फांदीवरच्या हिरव्या अळीकडे बघितलं. ती कोवळं पान कडेनं खात खात मधल्या शिरेपर्यंत आली होती.

"एवड्या दिसांत एकबी काळ्या चोळीची आणली न्हाईत तुमी?" तिनं विचारलं. "एकबी?"

"न्हाय."

"का पर? समद्या ह्याच कशा?"

उत्तर येडूनं दिलं, अगदी सहज, उरलेले फुटाणे खिशात चाचपत.

"ह्या पळत न्हाईत ना, काशव्वा. म्हून सापडत्यात. काळ्या चोळीची पळून जाती."

पलीकडच्या घरातल्या मागाचा खटखट आवाज तेवढा येत होता. काशम्मा जोत्यावर बसली. बसली म्हणण्यापेक्षा टेकली. मास्तर जमिनीकडे बघत होते. त्यांना वाटलं, आपण हे दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं सांगायला हवं होतं; आणि हेही वाटलं, की दुसरी वाट नव्हतीच.

मघाशीच अंगणाबाहेर निसटलेला शिवपुत्र नेमका त्याच वेळी धावत आला. आपला भाऊ आणि नीलम्मा काय बोलतात यातलं त्याला काही कळलं नव्हतं. मघाशी फुलांवर गेलेली चंद्रकळा त्यानं मुठीत पकडून आणली होती.

"फुटाणे," तो म्हणाला आणि मूठ काशम्माच्या तळहातावर उघडली.

लाल चोळी. पंख मिटलेले, पाय आक्रसलेले. नीलम्मानं डोळे झाकून घेतले. काशम्मा तिच्याकडे बघत राहिली. मग त्या मेलेल्या पंखात बारीकशी थरथर झाली. एक पाय लांब झाला. दुसरा झाला. लाल चोळीच्या चंद्रकळेचं अंग चिवट असतं. चिमटीत दाबली तर मेल्यासारखी पडते आणि सावरायला वेळ मिळाला तर उठते. हे मास्तरांना ठाऊक होतं, तरी तेही वाकून बघत राहिले. चंद्रकळा काशम्माच्या करंगळीवर चढली, पंख उघडून वाळवल्यासारखे धरले, आणि सावकाश, अगदी सावकाश उडून गेली.

"पळनारे पळाले," काशम्मा खालच्या आवाजात म्हणाली. कुणाला म्हणाली ते कुणी विचारलं नाही. पदरानं तिनं डोळे पुसले आणि शिवपुत्राच्या ओंजळीत फुटाणे घातले. "हे घे. पर आता कुनी एकबी मारायची न्हाय. लाल न्हाय, काळीबी न्हाय."

"काळीबी न्हाय?" येडू चकित झाला. "ती तर चोर हाय की!"

"चोर कशाची रं? पोरांना खाऊ घालती ती. मीबी पोरासाठीच उभी हाय की हितं." ती थांबली. झाडाकडे बघितलं आणि तिचा आवाज पुन्हा कोरडा झाला. "पर बेल माझा जातोय, मास्तर. तेवडं सांगा. अळ्या चिरडायच्या न्हाईत तर करू काय? अर्दा श्रावण ऱ्हायलाय."

मास्तरांना हा प्रश्न येणार हे माहीत होतं. रात्री अंथरुणावर त्यांनी त्याचं उत्तर शोधलं होतं आणि सापडलेलं उत्तर त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. त्यांच्या परसात एक लिंबाचं झाड होतं. रोप आणून, आळं करून, उन्हाळ्यात आपल्या अंघोळीचं पाणी घालून वाढवलेलं. बोळातल्या निम्म्या घरांचं लोणचं त्याच्यावर. आणि काळ्या चोळीच्या अळ्यांना बेलाइतकंच लिंबाचं पान आवडतं.

"त्यांना लिंब चालतं," मास्तर म्हणाले. "माझ्या झाडावर सोडा."

"यव्वा! तुमच्या?" काशम्मा उठून उभी राहिली. "जीवापाड जपता ते."

"झाडाला पुन्हा पानं येतात."

त्या दिवसापासून रोज पहाटे बोळात एक वेगळीच वरात निघे. काशम्मा देवळात जायच्या आधी पोरं बेल तपासायची. नीलम्मा फांद्या वाकवायची, कोवळं पान दोन्ही बाजूंनी बघायची, अंडी आणि अळ्या पानासकट खुडून परडीत ठेवायची. येडू ती परडी डोक्यावर घेऊन, "वाट सोडा, वऱ्हाड आलं, वऱ्हाड आलं!" असं ओरडत मास्तरांच्या परसात न्यायचा. शिवपुत्राला एकच काम होतं, अळ्यांना बोट लावून शिंगं काढायला लावायचं, आणि ते तो मन लावून करायचा. लिंबाची पालवी दिवसागणिक विरळ होत गेली. मास्तर सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभे राहत आणि परत येत.

बेल मात्र सावरला. शेंड्यांना नवी पालवी आली आणि ती अखंड राहिली. कधी एखादी चंद्रकळा झाडावर आली की काशम्मा हात थांबवून विचारायची, "नीले, चोळी बघ गं." आणि नीलम्मा लांबूनच सांगायची, लाल किंवा काळी. लाल म्हटली की काशम्मा पुन्हा पानं खुडायला लागायची. काळी म्हटली की म्हणायची, "येऊ दे बाई. तुजी पोरं पाठवू लिंबावर."

श्रावण संपला. शेवटच्या दिवशीही परडी भरली, काठोकाठ. काशम्मा देवळातून आली आणि मास्तरांच्या ओट्यावर प्रसादाची खोबऱ्याची वाटी ठेवून गेली.

शिवयोगी मात्र श्रावणात आला नाही. भाद्रपदही तसाच गेला. एखादी पांढरी टोपी बोळाच्या तोंडाशी दिसली की मास्तरांची नजर सवयीनं समोरच्या दाराकडे जायची. पण रहाट थांबत नसे. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, "काशम्मा, आता बाहेर येत नाही तुम्ही?"

"टोपी काय, मास्तर, कुनाच्याबी डोक्यावर असती," ती सूत सोडवत म्हणाली. "त्याची चाल मला आतनं ऐकू येईल."

दसऱ्याच्या तोंडावर एका सकाळी बोळात एक माणूस शिरला. डोकं भादरलेलं, टोपी नाही. अंगात कुणाचा तरी मोठा मळकट कोट, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. ओट्यावर बसलेल्या पोरांनी त्याला ओळखलं नाही. येडू म्हणाला, "भिकारी हाय वाटतं." खरं सांगायचं तर मास्तरांनीही ओळखलं नाही.

समोरचा रहाट थांबला.

काशम्मा दारात आली. ती त्याच्या कोटाकडे बघत नव्हती, चेहऱ्याकडेही नाही. मग मास्तरांनाही ऐकू आला, धुळीत ओढल्या जाणाऱ्या चपलेचा तो ठरावीक आवाज. ती धावली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली, एक हात चौकटीला धरून, आणि तो यायला जेवढा वेळ लागला तेवढा लागू दिला.

संध्याकाळी शिवयोगी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मास्तरांच्या पाया पडायला आला. मास्तरांनी त्याला परसात बसायला घोंगडी टाकली. पोरं भोवती जमलीच. इकडचं तिकडचं बोलणं झालं. तिकडचं त्यानं फारसं सांगितलं नाही आणि मास्तरांनीही विचारलं नाही. मग त्याची नजर लिंबाकडे गेली. शेंड्यांना कुठं कुठं कोवळे कोंब फुटत होते. बाकी नुसते काटे आणि काटक्या.

"मास्तर," तो चमकून म्हणाला, "लिंबाला काय झालं?"

मास्तर काय सांगावं या विचारात पडले. कुठून सुरुवात करावी, सुपापासून की त्याच्या आईपासून? तेवढ्यात येडू बोललाच.

"त्यानंबी श्रावणात नेम धरला व्हता."

"झाडानं? कसला रं?"

"आल्या-गेल्याला जेवू घालायचा," येडू म्हणाला.

नीलम्मानं त्याला कोपर मारलं. पण मग तीही हसली, आणि काटकीवर लटकलेला एक हिरवा कोश दाखवायला शिवयोगीच्या हाताला धरून, त्याच्या चालीनं सावकाश चालत, त्याला झाडापाशी घेऊन गेली.